मोटारीने इंग्लिश खाडीपार: ब्रायटन ते बिआरिट्झ प्रवासाची क्रमवार आखणी

आधी फेरीचे (मोटारी नेणाऱ्या जहाजाचे) स्वस्त तिकीट काढायचे, मग समुद्रकाठचे घर ठरवायचे, मग कार्यालयात सुट्टी मंजूर करून घ्यायची आणि सर्वांत शेवटी व्हिसाकडे वळायचे, हा उलटा क्रम इंग्लंडमधील मराठी कुटुंबांत इतका रुळला आहे की दर उन्हाळ्यात त्याच त्या अडचणीचे फोन येतात. घरातल्या चौघांपैकी दोघांकडे भारतीय पासपोर्ट असतो, व्हिसाकेंद्रात जवळची तारीख शिल्लक नसते आणि तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. कागद, मोटार, खाडी, मार्ग आणि सामान, या क्रमाने गेले तर बहुतेक घोटाळे टळतात. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

उदाहरण म्हणून ब्रायटन ते बिआरिट्झ हा प्रवास घेतला आहे. एक गाव इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, दुसरे फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, स्पेनच्या सीमेलगत. स्वतःची, उजव्या हाताला स्टिअरिंग असलेली मोटार, दोन मोठी माणसे, दोन मुले आणि शाळेची उन्हाळी सुट्टी, असे गृहीत धरले आहे. गावे बदलली तरी टप्पे बदलत नाहीत.

## टप्पा १: माणसांचे कागद (निघण्याच्या चार ते सहा महिने आधी)

प्रथम एका कागदावर प्रत्येकाचे नाव, पासपोर्ट कोणत्या देशाचा आणि तो कधी संपतो हे लिहावे. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डाचा येथे काहीही संबंध नाही; फ्रान्सच्या सीमेवर पासपोर्ट कोणत्या देशाचा एवढेच पाहतात.

ब्रिटिश पासपोर्ट असलेल्यांना व्हिसा लागत नाही, मात्र कोणत्याही १८० दिवसांत एकूण ९० दिवसच शेंगेन क्षेत्रात (आपापसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात) राहता येते. पासपोर्ट प्रवेशाच्या दिवशी दहा वर्षांहून जुना नसावा आणि परत निघण्याच्या नियोजित दिवसानंतर किमान तीन महिने वैध असावा. या दोन अटी वेगवेगळ्या आहेत आणि दोन्ही पाळाव्या लागतात. जुन्या पासपोर्टची उरलेली मुदत नव्यात मिळवलेली असेल तर वर ‘वैध’ दिसणारा पासपोर्टही पहिल्या अटीत अडकतो.

भारतीय पासपोर्टधारकांना, ब्रिटनमध्ये कायमचे राहण्याचा परवाना असला तरी, शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो; पण हे १५ दिवस अर्ज हातात पडल्यापासूनचे आहेत, केंद्रात वेळ मिळण्यासाठी लागणारे आठवडे त्यात धरलेले नाहीत. फ्रान्सचे अर्ज ब्रिटनमध्ये टीएलएस-काँटॅक्ट या कंपनीच्या केंद्रांत घेतले जातात. जून २०२४ पासून प्रौढांचे शुल्क ९० युरो आणि सहा ते बारा वर्षे वयाच्या मुलांचे ४५ युरो आहे. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. प्रवास विम्यात किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय खर्चाची तरतूद हवी.

व्हिसाच्या अर्जाला प्रवासाचे आणि मुक्कामाचे पुरावे लागतात, म्हणजे तिकीट आधी की व्हिसा आधी असा पेच पडतो. तो असा सोडवावा: आधी केंद्रातील उपलब्ध तारखा पाहाव्यात, मग पैसे परत मिळतील अशाच अटीवर फेरी आणि हॉटेले राखून ठेवावीत, त्या पावत्या जोडून अर्ज करावा आणि व्हिसा हातात आल्यावरच स्वस्त, न बदलणाऱ्या आरक्षणांचा विचार करावा. पैसे परत मिळणारे तिकीट दहा-वीस पौंडांनी महाग पडते. ते या प्रवासातले सर्वांत सत्कारणी लागलेले पैसे समजावेत.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हे कोणत्या देशात किती रात्री मुक्काम आहे ते मोजून ठरते. बिआरिट्झपासून स्पेनमधील सान सेबास्टियन जेमतेम ५० किलोमीटरवर आहे, त्यामुळे तिकडे एखादा दिवस जाऊन येणे होतेच. मुक्काम मुख्यतः फ्रान्समध्ये असेल तर अर्ज फ्रान्सकडेच करावा. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असला तरी फ्रान्समधून स्पेनला जाऊन परत येता येते, कारण दोन्ही देश शेंगेन क्षेत्रातच आहेत.

आता दोन गोष्टी, ज्या हमखास राहून जातात. पहिली म्हणजे ब्रिटनमधील वास्तव्याचा परवाना आता ई-व्हिसाच्या रूपात असतो आणि तो पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेला असतो. भारतीय उच्चायुक्तालयातून नवा पासपोर्ट आला की त्याचा क्रमांक यूकेव्हीआयच्या (ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या) खात्यात आपण स्वतः बदलावा लागतो; तो न बदलल्यास अडचण जाताना येत नाही, परत येताना जहाजाच्या खिडकीपाशी येते. दुसरी गोष्ट आईवडिलांची. पुण्याहून किंवा नाशिकहून दोन महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना ‘आलेच आहेत तर’ म्हणून सोबत नेण्याचा बेत लंडनमध्ये बसून करता येत नाही. भेटीसाठी आलेल्या व्यक्तीने शेंगेन व्हिसा सामान्यतः आपल्या राहत्या देशातून, म्हणजे भारतातूनच घ्यायचा असतो. त्यांच्या विमानाचे तिकीट काढण्याच्या वेळीच हा विचार व्हावा.

तपासणी: व्हिसा हातात आल्यावर त्यावरील तारखा, दिवसांची संख्या आणि नावाचे स्पेलिंग त्याच दिवशी पाहावे. रात्रीच्या जहाजाने जाणाऱ्यांनी फ्रान्समध्ये उतरण्याची तारीख धरावी, ब्रायटनहून निघण्याची नव्हे.

मुलांपैकी कोणी एकाच पालकासोबत जात असेल, किंवा आईचे आडनाव मुलांपेक्षा वेगळे असेल, तर जन्मदाखल्याची प्रत आणि दुसऱ्या पालकाचे सही केलेले संमतिपत्र जवळ ठेवावे. ब्रिटनमधील रहिवाशांना मोफत मिळणारे, युरोपात सरकारी उपचारांसाठी चालणारे जीएचआयसी कार्डही याच टप्प्यात मागवावे. ते फक्त सरकारी आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावरून घ्यावे आणि त्याला प्रवास विम्याचा पर्याय समजू नये. आजारी माणसाला घरी आणण्याचा खर्च त्यात मिळत नाही.

## टप्पा २: मोटारीचे आणि चालकाचे कागद (दोन महिने आधी)

ब्रिटिश फोटोकार्ड परवाना फ्रान्समध्ये चालतो. आंतरराष्ट्रीय परवाना लागत नाही. शिकाऊ परवान्यावर तेथे मोटार चालवता येत नाही. भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये पहिले बारा महिने गाडी चालवता येत असली तरी फ्रान्समध्ये त्याच्या जोडीला आंतरराष्ट्रीय परवाना हवा आणि तो भारतातल्या आरटीओकडूनच मिळतो. ब्रिटनमध्ये मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना भारतीय परवानाधारकाला दिला जात नाही.

नोंदणीचा मूळ कागद, म्हणजे व्ही-५-सी लॉगबुक, सोबत न्यावा. छायाप्रत चालत नाही. मोटार लीजवर किंवा कंपनीची असेल तर लॉगबुक आपल्याकडे नसते, म्हणून लीज कंपनीकडून व्हीई-१०३ प्रमाणपत्र मागवावे. ते यायला वेळ लागतो आणि पुष्कळांना त्याचे नावही शेवटच्या आठवड्यात कळते.

विम्याबद्दलचा गैरसमज मात्र सर्वांत महागात पडतो. ब्रिटिश विमाधारकाला फ्रान्स व स्पेनमध्ये ग्रीन कार्ड (परदेशात मोटार विम्याचा पुरावा म्हणून दाखवायचा कागद) बाळगावे लागत नाही हे खरे आहे, पण कायद्याने आपोआप मिळते ते केवळ किमान थर्ड पार्टी संरक्षण. घरी ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ असलेली पॉलिसी युरोपात तशीच राहते का, किती दिवस राहते आणि जोडीदाराचे नाव चालक म्हणून तेथेही धरले जाते का, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे विमा कंपनीकडून घ्यावीत. एका प्रवासाआधी मला फोनवर ‘सगळे आहे’ असे सांगण्यात आले होते. ई-मेल मागवल्यावर त्यात चोरी आणि स्वतःच्या मोटारीचे नुकसान वगळलेले निघाले. रस्त्यातील बिघाडाचे संरक्षणही ‘युरोप’ असे स्पष्ट लिहिलेले हवे.

मागच्या बाजूला ‘यूके’ची खूण लागते. सप्टेंबर २०२१ पासून जुने ‘जीबी’ स्टिकर चालत नाही. नंबरप्लेटवरच ‘यूके’ असेल तर फ्रान्समध्ये वेगळे स्टिकर लागत नाही, पण स्पेनमध्ये नंबरप्लेट कशीही असली तरी स्टिकर लागते. सान सेबास्टियनला जायचे असेल तर ते घरूनच लावून निघावे.

## टप्पा ३: खाडी कोठून ओलांडायची

नकाशा पाहिल्यावर सगळ्यांची नजर डोव्हरकडे जाते. तेथून कॅलेची फेरी साधारण दीड तासाची, आणि शेजारच्या फोकस्टनहून समुद्राखालच्या बोगद्यातली मोटारवाहू रेल्वेगाडी अवघ्या ३५ मिनिटांची. पण ब्रायटनचा माणूस पूर्वेकडे सुमारे १२० किलोमीटर जाऊन कॅलेला उतरला की त्याच्यापुढे बिआरिट्झपर्यंत हजार किलोमीटरहून अधिक रस्ता उरतो.

ब्रायटनहून न्यूहेवन बंदर १५ किलोमीटरवर आहे आणि तेथून दिएपची फेरी सुमारे चार तासांची आहे. दिएप ते बिआरिट्झ अंतर साधारण ९०० किलोमीटर भरते. म्हणजे समुद्रावर अडीच तास जास्त घालवून रस्त्यावरचे अडीचशे किलोमीटर वाचतात, शिवाय त्या चार तासांत चालकाला झोप मिळते. या विशिष्ट जोडगावांसाठी माझे मत निःसंशय न्यूहेवनच्या बाजूने आहे. उणीव एवढीच की तेथून दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात. एक चुकली तर दुसरीसाठी बरेच तास थांबावे लागते, डोव्हरसारखी पुढची लगेच मिळत नाही.

पोर्ट्समथहून स्पेनमधील बिल्बाओला थेट जहाज जाते आणि तेथून बिआरिट्झ १५० किलोमीटरच्या आसपास आहे. मात्र जहाजावर एक दिवसाहून अधिक काळ जातो, केबिन घ्यावी लागते आणि समुद्र लागणाऱ्यांना बिस्केचा उपसागर मानवत नाही. ज्यांना लांब पल्ला चालवायचाच नाही त्यांनी हा मार्ग घ्यावा. त्यांना पुढचा टप्पा जवळपास वगळता येईल.

आरक्षण करताना मोटारीची उंची खरी लिहावी. छपरावरची पेटी किंवा सायकली धरून जी उंची भरते तीच उंची. बोगद्यातल्या गाडीत १.८५ मीटरच्या खालची आणि वरची वाहने वेगळ्या डब्यांत जातात आणि एलपीजीवर चालणारी मोटार तर घेतच नाहीत.

सावधान: फ्रान्सचे घड्याळ ब्रिटनपेक्षा एक तास पुढे असते आणि तिकिटावरील वेळा त्या त्या बंदराच्या असतात. परतीच्या दिवशी या एका तासाने अनेकांचे जहाज चुकले आहे.

## टप्पा ४: फ्रान्समधला मार्ग आणि मुक्काम

मार्ग सरळ आहे. दिएपहून रुआं सुमारे ६० किलोमीटर. तेथून ए-२८ ने अलाँसाँ व ल माँ करत तूरपर्यंत. मग ए-१० ने पुआतिए, निऑर आणि बोर्दो. शेवटी ए-६३ ने लाँदच्या पाइनच्या जंगलांतून बिआरिट्झ. तूरपर्यंत साधारण ३६० किलोमीटर होतात आणि पुढे ५४०.

सकाळच्या जहाजाने निघाले तरी दिएपला दुपार टळते. त्या दिवशी बोर्दो गाठण्याचा हट्ट धरू नये. पहिला मुक्काम ल माँ किंवा तूरच्या आसपास ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत बोर्दो ओलांडावे. बोर्दोचा वळणरस्ता सकाळी साडेसात ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात या वेळांत टाळण्यासारखा आहे. वाहतूक तुंबली की नकाशावरचा अर्धा तास दीड तासाचा होतो. मुले लहान असतील तर निऑरपाशी वळून ला रोशेलला दुसरी रात्र काढावी आणि तिसऱ्या दिवशी आरामात पोहोचावे.

निघण्याचा वार अंतराइतकाच महत्त्वाचा आहे. फ्रान्समध्ये ‘बिझाँ फ्युते’ ही सरकारी वाहतूक सूचना प्रत्येक दिवसाला हिरवा, नारिंगी, लाल किंवा काळा रंग देते. जुलैच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या सुरुवातीला येणारे शनिवार हमखास लाल किंवा काळे असतात, कारण सुट्टीच्या घरांची अदलाबदल शनिवारी होते आणि अर्धा देश दक्षिणेकडे निघतो. घर शनिवारपासून असले तरी आपण गुरुवारी निघून वाटेत रेंगाळावे.

मुक्कामाचे ठिकाण निवडताना खोली पाहण्याआधी स्वागतकक्ष किती वाजता बंद होतो ते पाहावे. महामार्गालगतच्या लहान हॉटेलांत रात्री माणूस नसतो आणि दाराचा आकडी संकेत ई-मेलने येतो. एकदा तूरजवळ आम्ही रात्री दहाला पोहोचलो तेव्हा संकेत फोनमध्ये होता आणि फोन बंद पडलेला होता. तेव्हापासून असे सर्व संकेत वहीत लिहून नेतो.

शहराच्या हद्दीत मोटार न्यायची असेल तर त्या शहराला क्रिट-एअर हे प्रदूषणदर्शक स्टिकर लागते का, हे निघण्याच्या दीड महिना आधी पाहावे. ते पोस्टाने येते, पोस्टखर्च धरून पाच युरोंच्या आसपास पडते आणि फक्त फ्रेंच सरकारच्या संकेतस्थळावरून घ्यावे. त्याच स्टिकरसाठी कित्येक पट पैसे घेणारे मध्यस्थ शोधयादीत वर दिसतात.

## टप्पा ५: मोटारीची तयारी

सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी करू नये. दोन आठवडे आधी करावी, म्हणजे नव्याने काही बिघडले तर घरीच कळते. टायर, शीतक, वायपर आणि बॅटरी पाहून झाल्यावर पुढील वस्तू जमवाव्यात:

- परावर्तक जॅकेट, प्रत्येक माणसासाठी एक, आणि ते डिकीत नव्हे तर आसनाजवळ. मोटारीतून उतरण्याआधी ते अंगावर हवे.
- त्रिकोणी इशाराफलक.
- पुढच्या दिव्यांवर लावायच्या चिकटपट्ट्या. डावीकडून चालणाऱ्या देशातल्या मोटारीचे दिवे उजवीकडच्या देशात समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातात. काही नव्या मोटारींत हा बदल पडद्यावरच्या मेनूतून होतो; पुस्तिका पाहून ठरवावे.
- अपघाताच्या निवेदनाचा युरोपीय छापील फॉर्म, शक्यतो इंग्रजी आणि फ्रेंच असे दोन.

श्वासतपासणीची नळी जवळ बाळगण्याची सक्ती २०२० मध्ये उठली आहे. फेरीवरच्या दुकानात ती ‘बंधनकारक संच’ म्हणून विकली जात असेल तर घेण्याची गरज नाही. याउलट, वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची ठिकाणे दाखवणारे यंत्र फ्रान्समध्ये बेकायदा आहे, त्यामुळे नेव्हिगेशनमधील ती सूचना बंदरावर उतरण्याआधीच बंद करावी. वेगदर्शक पडद्यावर किलोमीटर आणता येत असतील तर तेही तेव्हाच करावे.

## टप्पा ६: डबा भरताना

आपल्याकडे प्रवास म्हटले की डबा आलाच, आणि नेमका येथेच मराठी घरांचा नियमभंग होतो. ब्रिटन आता युरोपीय संघाबाहेर असल्याने तेथून संघात मांस आणि दुधाचे पदार्थ वैयक्तिक वापरासाठीही नेता येत नाहीत. दहीभात, श्रीखंड, पनीरची भाजी आणि तुपाची बरणी या सगळ्या गोष्टी या नियमात बसतात. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या भुकटीला सवलत आहे. ताजी फळे आणि भाज्यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढी पाचच फळे त्यातून सुटली आहेत. म्हणजे आईने दिलेला हापूस आणि कढीपत्त्याची जुडी इंग्लंडातच संपवून निघावे.

तेलावरच्या दशम्या, भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि केळी एवढ्यावर पहिला दिवस सहज निघतो. दूध, दही, फळे तूरच्या सुपरमार्केटात मिळतात. रविवारी दुपारनंतर मात्र बहुतेक दुकाने बंद असतात.

## टप्पा ७: बंदरावर आणि जहाजावर

डोव्हर आणि फोकस्टन येथे फ्रान्सची सीमातपासणी इंग्लंडच्याच भूमीवर होते. न्यूहेवनहून गेल्यास ती दिएपला उतरल्यावर होते. हा फरक वेळेच्या हिशेबात धरावा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालेल्या नव्या युरोपीय प्रवेश-निर्गम नोंदीत बिगरयुरोपीय प्रवाशाचे छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतले जातात. बारा वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत. व्हिसाधारकांचे ठसे अर्जाच्या वेळीच घेतलेले असतात. एका मोटारीत दोन देशांचे पासपोर्ट असतील तर ते वेगवेगळे, उघडलेले आणि वेष्टन काढून हातात ठेवावेत. व्हिसाधारकांनी हॉटेलाच्या पावत्या, विमा आणि परतीचे तिकीट कागदावर छापून घ्यावे. खिडकीपाशी फोन चाचपडत बसण्याची ती जागा नाही.

जहाज सुटल्यावर मोटारींचा मजला बंद होतो. त्यामुळे औषधे, मुलांचे स्वेटर, चार्जर आणि पासपोर्ट एका पिशवीत काढून वर न्यावेत. हातब्रेक ओढावा, मोटार गिअरमध्ये ठेवावी, चोरघंटी बंद करावी आणि जिन्याच्या दाराचा क्रमांक लिहून घ्यावा. समुद्र लागत असेल तर गोळी जहाज हलू लागल्यावर नव्हे, निघण्याच्या आधी घ्यावी. झोप आणणारी गोळी चालकाने घेऊ नये.

## टप्पा ८: उजवीकडून चालवताना

दिएपच्या बंदरातून बाहेर पडताना कोणी चुकत नाही. तेथे फलक असतात, रांग असते आणि चालक सावध असतो. चूक होते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, हॉटेलच्या रिकाम्या आवारातून किंवा पेट्रोलपंपावरून रस्त्यावर येताना, जेव्हा समोर एकही मोटार नसते आणि हात सवयीने डावी बाजू धरतो. शेजारी बसलेल्याने प्रत्येक वेळी मोटार सुरू झाली की मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणावे. हास्यास्पद वाटते, पण उपयोगी पडते.

चौकातील वर्तुळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरावे आणि डावीकडून येणाऱ्यांना आधी जाऊ द्यावे. गावांतल्या खुणा नसलेल्या चौकात मात्र उजवीकडून येणाऱ्याचा हक्क असतो, मग तो कितीही लहान गल्लीतून येवो. ट्रकला ओलांडताना आपण पदपथाच्या बाजूला बसलेले असल्याने पुढचे दिसत नाही. म्हणून ट्रकपासून मागे राहावे, शेजाऱ्याला विचारावे आणि दुपदरी रस्त्यावर शंका असेल तर ओलांडूच नये.

वेगमर्यादा अशा: महामार्गावर १३०, पावसात ११०, दुभाजक असलेल्या इतर रस्त्यांवर ११०, पावसात १००, गावांबाहेरच्या साध्या रस्त्यांवर बहुधा ८०, काही जिल्ह्यांत ९०, गावात ५०. गावाच्या नावाचा फलक हीच ५० ची सुरुवात असते, वेगळा आकडा लिहिलेला नसतो. परवाना मिळून तीन वर्षे झालेली नसतील तर महामार्गावर ११० ची मर्यादा पाळावी लागते. नुकतीच ब्रिटिश परीक्षा दिलेल्यांनी, भारतात वीस वर्षे चालवली असली तरी, हे ध्यानात घ्यावे. रक्तातील मद्याची मर्यादा प्रतिलिटर ०.५ ग्रॅम, नवचालकांसाठी ०.२, इंग्लंडमधील ०.८ चा अंदाज येथे चालत नाही. दहा वर्षांखालील मुले मागेच, योग्य आसनात बसवावीत.

तपासणी: दर दोन तासांनी थांबावे. महामार्गावर विश्रांतीच्या जागा थोड्या थोड्या अंतरावर असतात. ‘एर’ एवढेच लिहिले असेल तर शौचालय आणि बाक, पंपाचे चिन्ह असेल तर इंधन आणि खाणेही.

## टप्पा ९: टोल आणि इंधन

ए-१० वर नाक्यावर चिठ्ठी घ्यायची आणि बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे भरायचे. ए-६३ वर ठरावीक नाक्यांवर ठरलेली रक्कम द्यावी लागते. हिरव्या बाणाच्या रांगेत सर्व प्रकारे पैसे देता येतात, नारिंगी ‘टी’ची रांग फक्त टॅगवाल्यांसाठी असते. खिडकी डावीकडे आणि आपला चालक उजवीकडे, त्यामुळे पैसे देण्याचे काम शेजाऱ्याकडे येते. एकट्याने जाणाऱ्याने ब्रिटनमधूनच टॅग मागवून आरशामागे लावावा.

पॅरिस आणि नॉर्मंडीला जोडणाऱ्या ए-१३ व ए-१४ वर आता नाकेच नाहीत. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि टॅग नसेल तर ७२ तासांच्या आत ऑनलाइन पैसे भरायचे असतात. मार्ग बदलून काँ किंवा ल हाव्रकडून येणाऱ्यांना याचा पत्ताच लागत नाही आणि महिन्याभराने दंडाचे पत्र येते.

इंधन महामार्गावर महाग, गावातल्या सुपरमार्केटच्या पंपावर स्वस्त. डिझेलला ‘गाझॉल’ म्हणतात आणि त्यावर बी-७ ची खूण असते. पेट्रोलवर ई-५ किंवा ई-१०. सर्वांत स्वस्त दिसणारे ई-८५ हे साध्या पेट्रोल मोटारीत घालू नये. नळीच्या रंगावर विसंबू नये, अक्षरे वाचावीत. माणूस नसलेले पंप कार्डावर आधी शंभराहून अधिक युरो अडवून ठेवतात आणि नंतर सोडतात. खात्यात तेवढी जागा नसेल तर पंप चालतच नाही.

## टप्पा १०: मोटार बंद पडली किंवा धडक झाली तर

महामार्गावर मोटार बंद पडली तर आपल्या ब्रिटिश मदतसेवेला आधी फोन करून उपयोग नाही. तेथे फक्त अधिकृत ओढगाड्यांनाच येण्याची परवानगी असते. जॅकेट घालावे, कठड्यापलीकडे जावे आणि नारिंगी आपत्कालीन फोनवरून किंवा ११२ वरून कळवावे. ओढगाडीचा दर सरकारने ठरवलेला असतो. पावती घ्यावी आणि नंतर मदतसेवेकडे भरपाई मागावी.

सावधान: आपल्या मोटारीत चालकाचे दार कठड्याच्या बाजूला उघडते आणि पुढच्या शेजाऱ्याचे दार भरधाव वाहनांच्या बाजूला. म्हणून सर्वांनी उजवीकडूनच उतरावे, शेजाऱ्याने आसनावरून सरकून. महामार्गावर त्रिकोण ठेवायला चालत मागे जाऊ नये.

किरकोळ धडकेनंतर फ्रान्समध्ये दोन्ही चालक मिळून एकच निवेदनफॉर्म भरतात आणि सही करतात. जे समजले नाही त्यावर सही करू नये. आकृती काढावी, छायाचित्रे घ्यावीत, दुसऱ्याच्या विम्याचा क्रमांक लिहून घ्यावा. कोणी जखमी असेल तर फॉर्म बाजूला ठेवून आधी ११२.

## टप्पा ११: परतताना

परतीची आखणी जातानाच करावी. बिआरिट्झ सोडल्यापासून जहाज सुटेपर्यंत किमान दीड दिवसाचे अंतर ठेवावे आणि शेवटची रात्र रुआं किंवा दिएपलाच काढावी. ९०० किलोमीटर एका दमात चालवून रात्रीचे जहाज पकडण्याचा बेत कागदावर जमतो. बोर्दोपाशी एक अपघात झाला की मोडतो.

फ्रान्समधून चीज आणण्याचा मोह आवरावा. लाळखुरकुताच्या साथीमुळे १२ एप्रिल २०२५ पासून युरोपीय संघातून ब्रिटनमध्ये वैयक्तिक वापरासाठी मांस, दूध आणि चीज आणण्यास मनाई करण्यात आली आहे. निघण्याच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळावर ताजा नियम पाहावा आणि मगच बाजारात जावे. दिव्यांवरच्या चिकटपट्ट्या न्यूहेवनला उतरण्याआधी, मोटारींचा मजला उघडल्यावर लगेच काढून टाकाव्यात.